ऑपरेशन मानेचं, आराम कंबरेला

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी पांढरकवड्याकडचा कास्तकार, वय ५४. आठ एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर. दोन वर्षांपासून हाताची बोटं ऐकेनाशी झाली होती. सदऱ्याची बटणं बायको लावून द्यायची, नोटा मोजता येत नव्हत्या. मार्चमध्ये नागपूरला मानेचं ऑपरेशन झालं. गळ्याच्या समोरून दोन चकत्या काढून प्लेट बसवली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, 'हे आणखी बिघडू नये म्हणून करतो आहोत, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका.'

पण झालं भलतंच. तिसऱ्या दिवशी संडासापर्यंत चाललो तर पाय हलके. बारा वर्षांची कंबरदुखी गेली. लिहायला लाज वाटते, पण रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचो, आता एकदा उठतो. मानेतून डोक्यात चढणारी ठणक थांबली. प्रेशर १२८/८० निघालं म्हणून ती गोळी मीच दहा दिवसांपासून बंद केली. हात मात्र अर्धेच सुधारले. तपासणीला गेलो तेव्हा सगळं सांगितलं, डॉक्टर हसले, 'छान' म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

आई म्हणते, 'महाराजानंच केलं बाप्पा', आणि मी पायी शेगावला जाईन असा नवस बोलून बसली आहे. मेव्हणा म्हणतो, डॉक्टरला आधी काही समजलंच नव्हतं. मोठे भाऊ कंबरेतून वाकले आहेत. ते म्हणतात, 'तुयी कंबर मानेच्या ऑपरेशननं गेली, मंग मायी काऊन नाई जाणार?' आणि मानेचा एमआरआय काढायला निघाले आहेत. आमच्या गावात कंबर धरलेली माणसं घरोघरी आहेत, लोक म्हणतात बोअरचं पाणीच तसं आहे. हा फरक खरा आहे का चार दिवसांची मजा? मृग पंधरा दिवसांवर आला. पेरणीला उतरू का?

— एक कास्तकार

भाऊ,

फरक खरा आहे. मनाचे खेळ नाहीत. टिकण्याची शक्यताही चांगली आहे, पण त्यातला थोडा भाग उसना असू शकतो. तो कोणता, ते सांगते.

तुम्ही रात्री ओलिताला जाता. मोटारीपासून शेवटच्या तासापर्यंत लपेटा पाइप अंथरला आहे आणि मध्येच त्यावर भरलेल्या बंडीचं चाक चढून बसलं, असं समजा. टोकाला पाणी पोचत नाही, तिथली पऱ्हाटी माना टाकते. बघणारा टोकाला जाऊन तिथली माती उकरत बसतो, खत देतो, फवारा मारतो. दोष तिथे नसतोच. चाक काढलं की काही वेळात टोकाला पाणी येतं आणि दुसऱ्या दिवशी झाडं उभी दिसतात. चाकाखाली जी दोन-चार झाडं चेपली गेली, ती मात्र पाणी आलं म्हणून लगेच उठत नाहीत. एखाद्याला फुटवा येतो, एखादं जातं.

तुमच्या मानेत हेच झालं होतं. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड असतो आणि मानेच्या मणक्यांतल्या नळीतून खाली जातो. ही नळी मानेच्या मध्यावर पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते. ती १३ च्या खाली आली की अरुंद समजतात, १० च्या खाली गेली की रज्जू चेपलाच म्हणायचा. तुमच्या एमआरआयच्या कागदावर आकडा असेल तर बघा. पायाकडे जाणारा, कंबरेकडे जाणारा, लघवीच्या पिशवीला 'आता थांब, आता सोड' हे सांगणारा, असा सगळा निरोप याच नळीतून जातो. पाय आणि पिशवी हे तुमच्या पाइपाचं टोक. चाक मानेत होतं. चाक निघालं, निरोप पोचायला लागला.

आणि हात का मागे राहिले? हाताची बोटं चालवणाऱ्या पेशी मानेतच, त्या चेपलेल्या जागेच्या आसपास असतात. चाकाखालची झाडं ती. दाबामुळे नुसता निरोप अडला असेल तर दाब निघताच दिवसांत, आठवड्यांत फरक पडतो. मज्जातंतूवरचं आवरण खराब झालं असेल तर ते भरायला महिने लागतात. पण पेशीच मेली असेल तर ती परत येत नाही, शेजारच्या पेशी तिचं काम थोडंफार उचलतात. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल उंचवटा चेपून खड्डा पडला असेल तर त्या हाताला वेळ लागेल हे धरून चला. सुधारणेचा मोठा हिस्सा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो, नंतर गती मंदावते, तरी वर्षभर आणि कधी त्यापुढेही थोडं थोडं होत राहतं. तुमचे जेमतेम दहा आठवडे झालेत.

आता मेव्हण्यांचं बोलणं. डॉक्टरांना समजलं नव्हतं, हे मला पटत नाही. चेपलेल्या रज्जूवर ऑपरेशन करणारा माणूस कधीच भरभरून आश्वासन देत नाही, कारण किती पेशी जिवंत आहेत ते एमआरआयमध्ये मोजता येत नाही. कमी सांगून जास्त मिळालं तर रुग्ण रागावत नाही, उलटं झालं तर गाव गोळा होतं. शिवाय तुम्हाला जे नवल वाटतंय ते या शास्त्राला तेवढं नवीन नाही. जपानच्या अस्थिरोग संघटनेने या आजारासाठी १७ गुणांचं एक मोजमाप करून ठेवलं आहे, ते थोड्याफार फरकाने जगभर वापरतात. त्यात हातांचे गुण आहेत, पायांचे आहेत, बधिरपणाचे आहेत आणि लघवीचेही आहेत. म्हणजे मान आणि लघवी यांचं नातं त्या कागदावर आधीच लिहिलेलं आहे. तुमचे डॉक्टर हसून 'छान' म्हणाले, ते बहुधा त्यामुळेच. दोन मिनिटं बसून त्यांनी हे समजावायला हवं होतं, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. बाहेर साठ माणसं खोळंबलेली असतात, हेही मी त्या खुर्चीत बसून पाहिलंय.

मानेतल्या दाबाने कंबर आणि पाय दुखतात, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. तालुक्याच्या दवाखान्यात असताना कापूस वेचणारी एक बाई माझ्याकडे दोन वर्षं येत होती. कंबर दुखते, पाय काठीसारखे होतात. मी कंबरेचा एक्स-रे काढला, पट्टा दिला, सुया दिल्या. एकदा केसपेपरचे पैसे देताना तिच्या हातून आठ आणे टेबलावर पडले. ते तिला उचलता येईनात. तिने नाणं बोटाने घासत घासत टेबलाच्या कडेला आणलं आणि खाली दुसरा तळहात धरून त्यात पाडलं. इतक्या सफाईने, की हे ती रोज करत असणार. मी दोन वर्षांत तिचे हात एकदाही तपासले नव्हते. मानेचं ऑपरेशन झालं, बाई पायी चालत मला भेटायला आली, कंबरेचा पट्टा परत द्यायला. हाताची बोटं शेवटपर्यंत पूर्ण सुधारली नाहीत. ती दोन वर्षं माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हा कंबर खरंच मानेमुळे दुखत असू शकते. दाबलेल्या रज्जूतून चुकीचा निरोप वर जातो आणि मेंदूला वाटतं, दुखणं खाली आहे. पाय ताठर असले की माणूस कंबरेतून हिसके देत चालतो, त्यानेही ती धरते. पण आता तो उसना भाग. मार्चपासून तुम्ही पोतं उचललं नाही, पंप पाठीवर घेतला नाही, वाकून निंदण केलं नाही. दहा आठवड्यांची विश्रांती कोणत्याही कास्तकाराच्या कंबरेला मानवेल! ऑपरेशनच्या वेळी सूज उतरायला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर पहिले काही दिवस माणूस हवेत चालतो, तेही धरा. डिस्चार्ज कार्डावर प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असं नाव असेल तर तीही नसांच्या दुखण्यावरची गोळी आहे, कंबरेला गुण तिचाही असू शकतो. ती एका दिवसात तोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. म्हणून कंबरेचा खरा निकाल कामाला लागल्यावर लागेल. पाय आणि लघवी यांचं मी जास्त खात्रीने सांगते, ते विश्रांतीने एवढं सुधारत नाही. डोकेदुखीचंही मूळ मानेत असू शकतं, मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, त्यामुळे मानेचं दुखणं डोक्यात जाणवतं. मानेच्या ऑपरेशननंतर डोकेदुखी थांबल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत.

लघवीबद्दल लाजू नका. त्याच नसांवर नवरा-बायकोमधल्या गोष्टीही अवलंबून असतात, त्यात फरक पडला असेल, चांगला किंवा वाईट, तर तोही डॉक्टरांना सांगा. ते विचारणार नाहीत.

प्रेशरच्या गोळीवर मात्र मी रागावणार आहे. तुमचं प्रेशर उतरलं त्याचं एक कारण मला पत्रातच दिसतं, जरी तुम्ही ते लिहिलेलं नाही. बारा वर्षं कंबर दुखते आणि मेडिकलमधून सुटी गोळी घेतली नाही, असा माणूस मी विदर्भात तरी पाहिलेला नाही. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्रुफेन, या गोळ्या प्रेशर वाढवतात. कंबर थांबली, गोळ्या सुटल्या, दुखण्याचा ताण गेला, प्रेशर खाली आलं. असं असेल तर आनंदच आहे. पण १२८/८० हा आकडा प्रेशरची गोळी चालू असतानाचा आहे, म्हणजे ती गोळी तिचं काम करत होती. उद्याच उपकेंद्रात जाऊन, पाच मिनिटं शांत बसून मोजून घ्या, दोन दिवसांनी पुन्हा मोजा आणि ते आकडे घेऊन ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडे जा. कमी करायची, बंद करायची, ते त्यांना ठरवू द्या. त्याच वेळी रक्तातलं क्रिएटिनिनही तपासा, एवढ्या वर्षांच्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला काय करून गेल्या ते कळेल. आणि बी-१२ जीवनसत्त्व. ते कमी असलं तरी हातपाय बधिर होतात, तोल जातो, म्हणजे मानेच्या आजारासारखंच सगळं. घरात मांस-मच्छी नसेल आणि दूधही चहापुरतंच असेल तर हात मागे राहण्याचं एक कारण तिथेही सापडू शकतं.

मोठ्या भाऊंना थांबवा. तुमची कंबर मानेमुळे दुखत होती, म्हणून त्यांचीही मानेमुळेच दुखते असं होत नाही. बहुतेक कंबरा कंबरेमुळेच दुखतात. आणि साठीकडे झुकलेल्या कोणाच्याही मानेचा एमआरआय काढा, काहीही त्रास नसला तरी चकत्या झिजलेल्या, सरकलेल्या बहुधा दिसतीलच. तो कागद घेऊन एखाद्याने ऑपरेशनची तारीख दिली तर काय करणार? आधी घरी बघा. त्यांना बटणं लावता येतात का, मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरतो का, अंधारात तोल जातो का, पाय ताठ पडतात का. यातलं काही असेल तर मानेकडे बघायलाच हवं.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात. गावात घरोघरी कंबर धरलेली माणसं, आणि बोअरचं पाणी. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही पट्ट्यांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर फार तर दीडपर्यंत. त्यापेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणापासून प्यायलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं जड आणि ठिसूळ होतात, मणक्यांना बांधून ठेवणारे पट्टे दगडासारखे कडक होतात, पाठ लाकडासारखी ताठते आणि नळी आतून अरुंद होत जाते. तुम्ही दोघं भाऊ एकाच बोअरचं पाणी पिऊन मोठे झालात. तुमची मान आणि त्यांची कंबर यांचं मूळ एकच असेल असं मी म्हणत नाही, तपासल्याशिवाय म्हणणारही नाही. पण महागड्या एमआरआयच्या आधी कोपर ते मनगट हाताचा साधा एक्स-रे काढायला सांगा. तिथल्या दोन हाडांमधला पडदा कडक झालेला दिसला तर फ्लोराइडचा संशय पक्का होतो. घरातल्या पोरांचे दात उजेडात धरून बघा. पाण्याची बाटली भरून ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. वहिनी रोज पाणी उकळत असतील तर त्यांना हे सांगा.

पेरणी. धुऱ्यावर जा, बाजेवर बसा, मजुरांवर ओरडा, बियाण्याचा हिशेब ठेवा. एवढंच. समोरून दोन चकत्या काढून प्लेट बसवली म्हणजे तिथे हाडाला हाड जुळायचं आहे, आणि ते काम तीन-सहा महिने, कधी वर्षभर चालतं. प्लेट फक्त तोवर धरून ठेवते. बरं वाटतंय ते नसांना, हाड अजून ओलं आहे. त्यामुळे डॉक्टर एक्स-रे बघून 'जुळलं' म्हणेपर्यंत डोक्यावर गाठोडं नाही, खतांचं पोतं नाही, डवरा नाही, बंडीत हिसके खात बसणं नाही. फवारणीचा पंप तर या हंगामात विसराच. १६ लिटर पाणी आणि वर पंपाचं वजन, पट्टे थेट खांद्यावर. मोटारसायकलवर खड्ड्यांच्या रस्त्याने मागे बसून जायचं असेल तर त्यापेक्षा एसटी बरी. आणि दाढी करायला सलूनमध्ये गेलात की न्हावीदादा शेवटी प्रेमाने हनुवटी धरतो आणि मान कडकन मोडतो. खुर्चीत बसायच्या आधीच त्याला गळ्यावरची खूण दाखवा. मान बसवून देणारा, हाड बसवून देणारा, कोणालाच मानेला हात लावू देऊ नका, आयुष्यभर.

गळ्याचा पट्टा डॉक्टरांनी सोडायला सांगितला असेल तर सोडा. 'राहू द्या, आधार वाटतो' म्हणून मे महिन्याच्या उन्हात घामेजून तो वापरणारे मी पाहिलेत, त्याने मानेचे स्नायू हडकतात.

आता खर्रा. तुम्ही लिहिलं नाही, मी विचारते. तंबाखूतलं निकोटीन हाड जुळू देत नाही, बिडीतून गेलं काय आणि खर्र्यातून गेलं काय. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ज्या जागी रक्त पोचायला हवं तिथेच ते कमी पडतं. हाड जुळलं नाही तर प्लेटचे स्क्रू सैल होतात आणि दुसरं ऑपरेशन लागतं. बसल्या जागी खर्रा घोटून द्यायला कोणीतरी असतंच. पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावर तर असतोच असतो. त्याला माझं नाव सांगा.

हातांसाठी रोज अर्धा तास. ताटात तुरीचे दाणे आणि सरकी एकत्र टाकायची आणि दोन वाट्यांत वेगळी करायची. ओला टॉवेल पिळायचा. पीठ मळायचं, वहिनींना हसू येईल, येऊ द्या. आणि दर रविवारी एका वहीत चार गोष्टी लिहायच्या : दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण मिटली आणि पूर्ण उघडली (निरोगी हाताने २० पेक्षा जास्त होते), सदऱ्याची सगळी बटणं लावायला किती वेळ लागला, घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जायला किती मिनिटं, रात्री किती वेळा उठलात. ही वही पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर ठेवा. 'बरं वाटतंय'ला 'छान' एवढंच उत्तर मिळतं, आकडे पाहिले की माणूस खुर्ची पुढे ओढतो.

पाय पुन्हा लाकडाचे व्हायला लागले, लागणारं बटण पुन्हा निसटायला लागलं, लघवी अडली, ताप आला, गळ्याच्या खुणेतून पाणी यायला लागलं किंवा घास अडकायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी पूर्ण अडली तर सरळ १०८ ला फोन.

आईंना माझा नमस्कार सांगा. नवस बोललाय तर फेडायचाच, त्यात मी पडत नाही. पण पांढरकवड्याहून शेगाव पायी म्हणजे थट्टा नाही, हाड जुळल्याचा एक्स-रे हातात आल्यावर बघू. तोवर आईंनी स्वतः एसटीने जाऊन महाराजांना मुदत वाढवून मागावी.

एक राहिलंच. तुमचं पत्र मुलीच्या अक्षरात आहे, खाली फक्त सही तुमची, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. दिवाळीच्या सुमारास, पऱ्हाटी फुटायला लागली की मला पुन्हा लिहा, आणि त्यातली पहिली ओळ स्वतःच्या हाताने लिहा. मी हे पत्र जपून ठेवलंय, दोन्ही शेजारी ठेवून बघेन.